आकाशाचे दफ्तर

नांदेडहून हिंगोलीकडे जाणारा रस्ता अर्धापूर मागे टाकून पुढे निघाला, म्हणजे केळीच्या बागा, उसाचे फड आणि हळदीचे पट्टे यांच्यामधून तो डोंगरकड्यास येतो, आणि तेथून वारंगा फाटा, आखाडा बाळापूर, कळमनुरी अशी ओळखीची ठिकाणे घेत जिल्ह्याच्या गावी पोचतो. या पट्ट्यातील माणसाची नजर जमिनीवर खिळलेली असते. कालव्याचे आवर्तन कधी सुटणार, केळीचा घड कधी उतरवावा, हळकुंडे शिजवून वाळत कधी घालावीत, या विवंचनांमध्ये आकाशाला स्थान मिळते ते पावसापुरते. अशा मुलखाच्या पूर्वेतिहासात खगोलशास्त्राचा काही भाग असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु गोदावरी आणि पैनगंगा या दोन नद्यांमधल्या या प्रदेशाची कथा नीट लावून पाहिली, तर असे दिसते की, येथे आकाशाचे ज्ञान नव्हते असे नाही, त्याचे दफ्तर मात्र सदैव दुसरीकडे राहिले. कधी ते काशीस गेले, कधी कोकणातून आले, कधी हैदराबादच्या सरकारात राहिले, तर कधी पुण्यात. डोंगरकड्यापासून एका दिवसात जाऊन यावे इतक्या अंतरावर, औंढा नागनाथाच्या शिवारात, जे यंत्र आता उभे राहू घातले आहे, त्याचा विचार या पार्श्वभूमीवर केला पाहिजे.

आकाशाने या भूमीला दिलेली सर्वांत जुनी भेट म्हणजे वायव्येस, बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो खड्डा दख्खनच्या काळ्या बसाल्टमध्ये उल्कापाताने पडला, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली तेव्हापासून पुढे जवळजवळ दीडशे वर्षे बहुतेक विद्वान तो ज्वालामुखीचाच अवशेष समजत होते, आणि १९७० नंतरच्या दशकात तेथील खडकांत प्रचंड आघातानेच निर्माण होणारी काच सापडली तेव्हा कुठे वाद मिटला. पुराणकारांनी लवणासुराच्या वधाची कथा रचून ठेवली होती, ती शास्त्रज्ञांच्या मानाने फार आधीची. वरून कोणीतरी आले आणि जमीन फुटली, एवढे तरी तिने अचूक सांगितले होते.

खरा इतिहास सुरू होतो तो गोदावरीच्या काठी. देवगिरीच्या रामचंद्र यादवाच्या आश्रयाला असलेल्या एका घराण्याचा वंशज ज्ञानराज हा गोदावरीच्या उत्तर तीरावरील पार्थपुरात राहत असे. हे पार्थपूर म्हणजे आजचे परभणी जिल्ह्यातील पाथरी असे अभ्यासक मानतात. शके १४२५, म्हणजे १५०३ साली, त्याने ‘सिद्धान्तसुन्दर’ हा ग्रंथ रचला. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’नंतर साडेतीनशे वर्षांनी सिद्धान्त या दर्जाचा ग्रंथ लिहिण्याचे धाडस करणारा हा गृहस्थ केवळ गणिती नव्हता, पुराणांतील भूगोल आणि सिद्धान्तांतील गोलाकार पृथ्वी यांचा मेळ बसविण्याची खटपट त्याने केली आणि ग्रहगतीच्या रूक्ष प्रकरणांमध्ये ऋतुवर्णनाचे एक सबंध काव्यही घालून दिले. त्याचा पुत्र सूर्यदास याने भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर आणि बीजगणितावर टीका लिहिल्या, शिवाय, सरळ वाचले तर रामचरित्र आणि अक्षरे उलट्या क्रमाने वाचली तर कृष्णचरित्र सांगणारे विलोमकाव्यही रचले. ग्रहांची वक्री आणि मार्गी गती मोजता मोजता माणसाला अशी कल्पना सुचावी यात मला तरी नवल वाटत नाही.

याच गोदातीरावर गोलग्राम नावाच्या गावी दिवाकर दैवज्ञाचे कुटुंब नांदत होते. दिवाकर हा गणेश दैवज्ञाचा शिष्य; त्याचे पुत्र मल्लारी आणि विश्वनाथ यांनी गुरूच्या ‘ग्रहलाघवा’वर टीका लिहिल्या, आणि पणतू कमलाकर याने १६५८ साली ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ हा प्रसिद्ध ग्रंथ पूर्ण केला. परंतु तो पूर्ण झाला काशीस. घराणेच्या घराणे गंगातीरी जाऊन राहिले होते, आणि तेथे त्यांची गाठ पडली ती विदर्भातील दधिग्रामाहून आलेल्या दुसऱ्या ज्योतिषी घराण्याशी. त्या घराण्यातील मुनीश्वर आणि गोलग्रामचा कमलाकर यांचे वाद विद्वत्सभांत गाजले. वऱ्हाडच्या आणि गोदाकाठच्या दोन कुटुंबांनी आपले शास्त्रीय भांडण करावयास काशी गाठावी, आणि मूळ गावी त्याची वार्ताही राहू नये, हा आपल्याकडील विद्येचा जुना रिवाज होय. राजाश्रय जिकडे, दफ्तर तिकडे.

मग मागे राहिलेल्या गावकऱ्यांचे आकाश कोण सांभाळीत होते? ते सांभाळीत होता गावचा जोशी, आणि त्याच्या पोथीत होते कोकणातल्या नांदगावचे गणित. तेथील गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, रचलेले ‘ग्रहलाघव’ हे करणग्रंथांतील एक आश्चर्य आहे; ग्रहांची स्थाने काढावयाची तर ज्या-कोज्यांची कोष्टके लागतात ही समजूत त्याने मोडून काढली, केवळ बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार यांवर निभेल अशी रीत बसविली, आणि अकरा वर्षांचे, म्हणजे ४०१६ दिवसांचे, एक चक्र धरून दिवसांचे आकडे लहान ठेवले. खेड्यातल्या जोशाला पाटीवर, प्रसंगी धुळीवर, हिशेब करता यावा हा त्याचा हेतू असावा. आणि तो इतका सफल झाला की, महाराष्ट्रातील, तसेच कर्नाटक आणि गुजरातेतील पंचांगे शतकानुशतके त्यावर चालली. गुढीपाडव्याला पारावर बसून वर्षफल वाचणाऱ्या जोशाने वर मान करून ग्रह खरोखर तेथे आहे की नाही हे पाहण्याची चाल मात्र हळूहळू मोडली, आणि केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध करून नव्या वेधांचा आग्रह धरला तेव्हा जुने गणित आणि प्रत्यक्ष आकाश यांतील अंतर चारचौघांत उघडे पडले. तो वाद पुण्यामुंबईत वर्तमानपत्रांतून आणि परिषदांतून रंगला. निजामाच्या मुलखात त्याची झळ फारशी पोचली नाही.

निजामी अमलात या भागातील माणूस एकाच वेळी तीन काळांत वावरत होता, ही गोष्ट हल्ली विसरली गेली आहे. लग्नमुंज आणि सणवार शालिवाहन शकाने, मोहरम आणि ईद हिजरी सनाने, आणि सरकारी सारा, पाहणी, तहसीलीतील तारीख हे सारे फसली सनाने. इसवी सनातून ५९० वजा केले की दख्खनचा फसली सन येतो. आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे इराणी नावांचे सौर महिने त्यात होते आणि वर्षाचा आरंभ ऑक्टोबरात होई. चांद्र हिजरी वर्ष ऋतूंशी जुळत नाही, पीक तर ऋतूंवाचून येत नाही. म्हणून महसुलाला सूर्याची कास धरावी लागली. खगोलशास्त्र रयतेच्या दारी आले ते असे, पटवाऱ्याच्या बस्त्यातून.

त्याच सरकारने पुढे आकाशाचेही दफ्तर उघडले. हैदराबादचे एक उमराव नवाब जफर जंग यांना दुर्बिणींचा षोक होता. त्यांनी आयर्लंडातील ग्रब कंपनीची पंधरा इंची दुर्बीण मागविली आणि १९०१ साली फिसलबंडा येथील आपल्या जागेत वेधशाळा उभारून, सहावे निजाम महबूब अली खान यांच्या परवानगीने तिला ‘निजामिया’ हे नाव दिले. नवाबसाहेब १९०७ साली निवर्तले आणि पुढल्याच वर्षी ती सरकारजमा झाली. तिचा कारभार सोपविण्यात आला तो अर्थखात्याकडे. या व्यवस्थेला हसू येण्याचे कारण नाही. ज्या खजिन्यात कळमनुरी तालुक्याचा सारा जमा होत होता त्याच खजिन्यातून आता ताऱ्यांच्या मोजणीचा खर्च पडणार होता, आणि मोजणी हाच वेधशाळेचा सारा व्यवसाय होता.

पॅरिस येथे १८८७ साली भरलेल्या परिषदेत असे ठरले होते की, निरनिराळ्या देशांतील वेधशाळांनी आकाश वाटून घ्यावे, आपापल्या पट्ट्याची छायाचित्रे काढावीत, आणि अकराव्या प्रतीपर्यंतच्या प्रत्येक ताऱ्याचे स्थान ठरवून त्याची यादी छापावी. चिलीतील सांतियागोच्या वेधशाळेला तिचा वाटा झेपला नाही. तो मोकळा पट्टा हैदराबादने घेतला. विषुववृत्ताच्या दक्षिणेस सतरा अंशांपासून पुढचा, म्हणजे व्याधाच्या किंचित खालचा, असा हा पट्टा होता. पुढे जर्मनीतील पॉट्सडामचे काम रेंगाळले तेव्हा उत्तरेकडील छत्तीस ते एकोणचाळीस अंशांचा, ज्यात अभिजित चमकतो तो, पट्टाही हैदराबादकडे आला. आठ इंची कुक दुर्बिणीला काचेची पट्टी लावावयाची, तिच्यावर आधीच पाच-पाच मिलिमीटरच्या चौकटींची बारीक जाळी उमटविलेली असावयाची. रात्री दुर्बिणीने ताऱ्याचा पाठलाग करावयाचा आणि दिवसा, सूक्ष्मदर्शकाखाली ती काच ठेवून, काळ्या ठिपक्यांचे प्रत्येक चौकटीतील अंतर उभे-आडवे मोजावयाचे. एकदा सरळ, आणि काच उलट फिरवून पुन्हा एकदा, म्हणजे मोजणाऱ्याच्या डोळ्याचा कल त्यातून निघून जाई. शेताचा सर्व्हे नंबर, त्याच्या खुणा, त्याच्या चतुःसीमा ठरवून नकाशावर चढविणाऱ्या मोजणीदाराचे जे काम, तेच हे. फरक एवढाच की येथे बांध कोरण्याची सोय कोणाला नव्हती.

चॅटवुड हे पहिले संचालक, त्यांच्यामागून १९१४ साली आलेले पोकॉक, आणि पोकॉक १९१८ साली अकाली वारल्यावर ही धुरा उचलणारे टी. पी. भास्करन, या तिघांच्या कारकिर्दीत बारा खंडांची ही तारासूची सिद्ध झाली. साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांची नोंद त्या खंडांत आहे. वेधशाळा १९१९ साली उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. तेथील एका कर्मचाऱ्याचा मुलगा वेणू बाप्पू हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेला आणि १९४९ साली त्याने व त्याच्या दोन सहकाऱ्यांनी शोधलेल्या धूमकेतूला त्यांची नावे मिळाली. तोपर्यंत, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, ते सरकारच मावळले होते. आपल्याकडे निजामी राजवटीचा इतिहास लिहिताना रझाकार, मुक्तिसंग्राम आणि जहागिरी यांचे वर्णन सविस्तर येते, आणि ते यावयासच हवे. परंतु ज्या राज्याने खेड्यांना शाळा देण्यात कुचराई केली त्याच राज्याने आकाशाची इतकी चोख मोजणी करून ठेवली, ही विसंगती नोंदविल्यावाचून तो इतिहास पुरा होत नाही. मराठवाड्यातील किती पोरांनी त्या काळात निजामियाची दुर्बीण पाहिली असेल, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. उत्तराची कल्पना करता येते.

मराठवाडा पुढे मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला, हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीपासून निराळी होऊन जिल्हा झाली, आणि आकाशाचे दफ्तर आता पुण्यास गेले. जयंत नारळीकर यांनी १९८८ साली तेथे ‘आयुका’ ही संस्था उभी केली, गोविंद स्वरूप यांनी जुन्नरजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण वसविली. आयुकातच संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी, १९९० च्या सुमारास, एका अशा वस्तूच्या शोधाचे गणित मांडीत होते जी त्या वेळी कोणीच पाहिली नव्हती: गुरुत्वीय तरंग. प्रचंड गोंगाटात एखादा अतिक्षीण पण आकार ठाऊक असलेला संदेश कसा ओळखावा, याची त्यांनी विकसित केलेली रीत पुढे जगभर उपयोगी पडली.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड येथील दोन ‘लायगो’ यंत्रांनी तो संदेश पकडला. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर, सूर्याच्या अदमासे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली, ६२ पटींचे एक विवर उरले, आणि तीन सूर्यांइतके वस्तुमान ऊर्जा होऊन अवकाशाच्या कंपनात विरून गेले. हे कंपन पृथ्वीवर पोचले तेव्हा यंत्राच्या चार किलोमीटर लांबीच्या बाहूत जो फरक पडला तो प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी लहान होता. ही वार्ता ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जाहीर झाली आणि १७ फेब्रुवारीला केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतात उभारावयाच्या तिसऱ्या यंत्राला तत्त्वतः मान्यता दिली. सरकारी कामात सहा दिवसांचा हा वेग अपूर्व म्हणावा लागेल, आणि पूर्ण मंजुरीला एप्रिल २०२३ उजाडले हे पाहता तो फार टिकला नाही असेही म्हणावे लागेल. २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पासाठी औंढा नागनाथजवळील दुधाळा येथील जमीन निवडली गेली आणि ११ मे २०२३ रोजी पंतप्रधानांनी दिल्लीतून तिची पायाभरणी केली.

येथे इतिहासाची एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. सांतियागोने सोडलेला आकाशाचा वाटा जसा हैदराबादला मिळाला, तसेच हॅनफर्ड येथे दुसरे जोडयंत्र म्हणून बसविण्याकरिता केलेली सामग्री, तेथे न बसविता, भारताच्या वाट्याला आली. कारण असे की, एकाच ठिकाणी दोन यंत्रे ठेवण्यापेक्षा तिसरे पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला ठेवले तर तरंग कोणत्या दिशेने आला हे पुष्कळ नेमके सांगता येते. केवळ दोन यंत्रांच्या आधारे २०१५ मधल्या त्या पहिल्या तरंगाचा उगम आकाशाच्या सुमारे सहाशे चौरस अंशांच्या विस्तीर्ण पट्ट्यात कोठेतरी एवढेच कळले होते. उलट, १७ ऑगस्ट २०१७ रोजी इटलीतील ‘व्हर्गो’ यंत्राचे साह्य होते म्हणून तो पट्टा तीसएक चौरस अंशांवर आला, दुर्बिणी तिकडे वळल्या, आणि दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचा प्रकाशही पाहता आला. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत घडतात याचा पुरावा त्या प्रकाशात मिळाला.

परंतु हिंगोलीच का, याचे उत्तर आकाशात मिळत नाही. दुर्बिणीला निरभ्र आणि काळोखी रात्र लागते; या यंत्राला ढगांचे, पावसाचे, उजेडाचे सोयरसुतक नाही. त्याला हवी आहे ती निश्चल जमीन: समुद्रापासून दूर, कारण लाटांचा धक्काही भूमीतून प्रवास करतो, रेल्वे, कारखाने आणि जड वाहतूक यांपासून दूर, आणि काटकोनात दोन्ही दिशांना चार-चार किलोमीटर सपाट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेल्या बसाल्टच्या थरांवर वसलेला हा भाग, जो विकासाच्या प्रत्येक यादीत मागे राहिल्याबद्दल आपण हळहळतो, त्या मागे राहण्यामुळेच निवडीस पात्र ठरला. ही गोष्ट अभिमानाची की खेदाची, हे वाचकाने ठरवावे. मला ती दोन्ही वाटते.

बरे, ही जमीन तरी सर्वस्वी निश्चल आहे काय? औंढ्याचे मंदिर नामदेवांच्या कीर्तनासाठी फिरले ही आख्यायिका बाजूस ठेवू. वसमत तालुक्यातील पांग्रा शिंदे आणि आसपासच्या गावांतून गेली काही वर्षे जमिनीतून गूढ आवाज येतात, भांडी हादरतात, आणि २१ मार्च २०२४ व १० जुलै २०२४ रोजी सकाळी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, त्यांपैकी दुसऱ्याचा केंद्रबिंदू कळमनुरी तालुक्यातील रामेश्वर तांड्याजवळ होता. किल्लारीच्या भूकंपाची ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांना आठवते ते अशा वेळी घराबाहेर धावतात, यात भित्रेपणा मुळीच नाही. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने मात्र अधूनमधून बसणारा धक्का हा यंत्राचा मुख्य शत्रू नव्हे. तो आला की आरशांची जुळणी सुटते, ती पुन्हा साधावयास वेळ लागतो, आणि काम पुढे चालू होते. अखंड चालणारी बारीक थरथर, म्हणजे ट्रक, पंप, वारा, लाटा यांची, ही अधिक त्रासदायक. चाळीस किलो वजनाचे काचेचे आरसे चार टप्प्यांच्या लंबकाला, अगदी बारीक अशा काचेच्याच तंतूंनी टांगून ठेवतात ते यासाठीच. हॅनफर्ड येथे एकदा न उलगडणारे टकटक आवाज येऊ लागले, तेव्हा शोध घेता असे आढळले की, तहानलेले डोमकावळे यंत्राच्या एका नळीवर साचलेला बर्फ चोचीने टोचीत होते. हिंगोलीत बर्फाची भीती नाही. तहानलेल्या कावळ्यांची हमी मात्र कोणी देऊ नये.

यंत्र सुरू होण्यास अजून काही वर्षे आहेत. दरम्यान अमेरिकेतील जोडीने शेकडो तरंग टिपले आहेत. १४ जानेवारी २०२५ रोजी टिपलेला तरंग इतका स्पष्ट होता की, विलीन झालेल्या विवराचे शेवटचे झंकार वेगळे काढून त्यांची परीक्षा करता आली, आणि हे झंकार कसे असतील याचे गणित सी. व्ही. विश्वेश्वर या कन्नड शास्त्रज्ञाने १९७० सालीच करून ठेवले होते. या सर्व तरंगांची नावे त्यांच्या तारखांवरून पडतात: पहिल्याचे नाव वर्ष १५, महिना ०९, दिवस १४ या अंकांनी झाले. तारीख धरली जाते ती ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून, आणि ती वेळ आपल्याकडे सकाळी साडेपाचची असते. तेव्हा औंढ्याच्या यंत्रात पहाटे पाच वाजता एखादा तरंग आला तर जागतिक दफ्तरात तो आदल्या दिवसाच्या नावे चढेल. आणि सूर्योदयापासून वार मोजणारा डोंगरकड्याचा जोशी त्या नोंदीला हरकत घेणार नाही, कारण त्याच्याही पंचांगाप्रमाणे तो आदलाच वार असेल.